देवपूरचे बर्फाचे टायर

मी कोणाला माफ करत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे वाचणाऱ्याची फसगत व्हायला नको. चौथीत असताना एकाने माझं दप्तर विहिरीत टाकलं होतं. त्याचं घर हायवेला लागून आहे. त्याच्या घरावरून ट्रक नेताना मी आजही हॉर्न दाबून धरतो, आणि दुपारची वेळ असली तर जरा जास्तच. माझी बायको म्हणते, तुम्ही राग पोसता. पोसतो. माझा आहे, मी नाही पोसायचा तर कोणी?

पण ती सगळी बारीकसारीक खुन्नस झाली. आयुष्यात खरा दात मी एकाच माणसावर धरला. तो माझा चुलतभाऊ, सख्ख्या काकांचा मुलगा, आणि त्याचं धुळ्यात देवपूरला टायरचं दुकान आहे. त्याच्या टायरपायी माझ्या मोठ्या भावाचा पाय गेला. तुटला नाही, अंगाला आहे, पण गुडघ्यात वाकत नाही. त्या चुलतभावाने आपण काय केलं ते सगळ्या भाऊबंदांसमोर, माझ्या भावाच्या तोंडावर, स्वतःच्या तोंडाने सांगावं, एवढं एकच मला हवं होतं. त्यासाठी मी अडीच वर्षं थांबलो.

आमचं गाव शिंदखेडा तालुक्यातलं. जमीन कोरडवाहू, तीही वाटण्या होऊन होऊन शेजारच्याच्या बांधाएवढी उरलेली. म्हणून भाऊ आणि मी विशीतच सावद्याला आलो. सावद्याला केळी आहे आणि केळी आहे तिथे ट्रक लागतो. आधी दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या, मग दोघांत मिळून एक जुनी घेतली. भाऊ माझ्याहून सात वर्षांनी मोठा. बोलणं कमी, पण गाडी अशी चालवायचा की केळीच्या बागेतल्या अरुंद वाटेवरून अर्धा किलोमीटर उलटी नेईल आणि एका पानाला चाक लागू देणार नाही. बागवाले मुद्दाम त्याला बोलवायचे. मी गाडी चालवतो, पण मी रस्त्यावरचा ड्रायव्हर. भाऊ मातीतला.

आमच्या केळीचं लोकांना वाटतं की उन्हातलं पीक, उन्हातच फिरत असेल. पण तिचं मोठं गिऱ्हाईक उत्तरेत आहे. पंजाब, जम्मू आणि भर थंडीत पार काश्मीरपर्यंत आमचा माल जातो. तिकडून सफरचंद खाली येतं, इकडून केळी वर जाते. हिवाळ्यात वर जायला ड्रायव्हर तयार होत नाहीत, त्यामुळे जो जातो त्याची पत वाढते. मला ती पत हवी होती. भाऊला नव्हती. तो म्हणायचा, इंदूरपर्यंत आपलं बरं चाललंय. मी त्याचं डोकं खाऊन खाऊन त्याला तयार केलं, हेही आत्ताच सांगतो, कारण नंतर कोणी माझ्या तोंडावर मारायला नको.

बर्फात जायचं तर टायर चांगले लागतात. नवे टायर घ्यायची आमची ऐपत नव्हती. तेव्हा देवपूरचा हा चुलतभाऊ आठवला. त्याला सगळे शेठच म्हणायचे, मीसुद्धा. जुन्या टायरवर नवं रबर चढवून द्यायचं काम त्याचं. त्या वर्षी त्याने दुकानावर नवी पाटी लावली होती, "बर्फाचे टायर मिळतील." धुळ्यात! जिथे मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं तिथे बर्फाचे टायर. मला हसू यायला पाहिजे होतं. मला वाटलं, बघा, आपला माणूस किती पुढचा विचार करतो.

आम्ही दोघे गेलो तेव्हा त्याने चहा मागवला, भजी मागवली, भाऊच्या पाठीवर हात ठेवला. टायर दाखवले. काळेभोर, नवे कोरे दिसणारे, आणि त्यावर बोटभर खोल खाचा. "आरे, घरना माणूस शे तू," तो मला म्हणाला. "तुले मी खोटं सांगसू का? हाई रबर नरम शे, थंडीम्हा बी नरमच ऱ्हास. बर्फले धरीसन चालस." आणि वर सांगितलं की बर्फात चाकाला गुंडाळतात त्या साखळ्या या टायरवर लावू नका, खाचा फाटतील.

भाऊने खाली वाकून अंगठ्याने रबर दाबलं. "कडक लागस रे," तो हळूच मला म्हणाला.

"भाऊ, तुला काय कळतं टायरमधलं," मी म्हणालो. शेठ हसला. मीही हसलो. टायर घेतले.

जानेवारीत माल भरला. केळीला थंडी बाधते, साल काळी पडते, म्हणून घडांच्या फण्या लावताना तळाला पेंढा, बाजूंना केळीची वाळकी पानं, वर हिरवी पानं, त्यावर पोती, घोंगड्या आणि दोन ताडपत्र्या. वहिनीने घरातल्या दोन गोधड्यासुद्धा दिल्या. भाऊ म्हणाला, केळीला गोधडी अन् आपल्याला कांबळं, आणि स्वतःच हसला. असा विनोद तो वर्षातून एखाद्‌दुसरा करायचा.

जम्मूपर्यंत काही झालं नाही. उधमपूरला गाड्या अडवून ठेवल्या होत्या, तिथे दोन दिवस काढले. मग एका दिशेने सोडल्या. भाऊने चढ चालवला, बोगदा मी चालवला, आणि बोगद्यातून बाहेर आलो तर सगळं पांढरं. मी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला. भाऊनेही. आम्ही दोघं दहा मिनिटं नुसतं बघत होतो. मला तर वाटलं, एवढ्याचसाठी आलो असतो तरी चाललं असतं.

हायवेवर रस्ता साफ केलेला होता, तिथे टायरचा कस लागला नाही. काजीगुंडच्या पुढे व्यापाऱ्याच्या गोदामाकडे जायला एक आडवा रस्ता फुटतो. त्याला एक छोटा चढ. आमच्याकडच्या गिरणा-पांझरेच्या पुलांवर चढताना लागतो तेवढाच. एका बाजूला दगडी भिंत. बर्फ दाबला जाऊन काचेसारखा झालेला. अर्ध्या चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

इथे आम्ही जे केलं ते जगात दुसरं कोणी करणार नाही. सावदा-रावेरच्या पट्ट्यात पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतली की काय करतात? चाकाखाली केळीची पानं घालतात. वाळकी पानं, खांबाची सालटं, असेल ते. चिखल पानाला धरतो, पान चाकाला धरतं, गाडी निघते. भाऊने आयुष्यात अशा शंभर गाड्या काढल्या असतील. तो खाली उतरला, ताडपत्रीची दोरी सोडली, मूठभर पानं ओढली आणि मागच्या चाकाखाली नीट पसरली. बागेत करायचा तसंच, शिरेची बाजू खाली.

मी गाडी रेटली. पानं चाकाखालून सटकून मागे उडाली. एक हिरवं पान मागच्या गाडीच्या काचेवर जाऊन चिकटलं.

मागे गाड्या थांबल्या होत्या. लोक उतरले होते. कोणीतरी हसलं. मग आणखी हसले. कोणी हिंदीत म्हणालं, "अरे, बर्फ को केला खिला रहे हैं." एकाने मोबाइल काढला. भाऊने परत पानं घातली, जास्त घातली. बर्फावर हिरवी पानं घालणं म्हणजे फरशीवर साबण ओतणं, हे आता एखादं पोरही सांगेल. पण आमच्या हाताला एकच इलाज माहीत होता. साखळ्या पेटीत होत्या आणि शेठने लावू नका म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्यांदा पानं उडाली तेव्हा सगळा रस्ता हसला. आरशात मला भाऊ दिसत होता, गुडघ्यावर बसलेला, टोपीवर बर्फ, हातात पानं, आणि त्याच्यामागे ओळीने हसणारी तोंडं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ॲक्सिलरेटर दाबला.

गाडी पुढे गेली नाही. मागचा भाग सावकाश बाजूला सरकला, अगदी सावकाश, आणि भिंतीला जाऊन टेकला. मधे भाऊ होता.

हसणं थांबलं. हसणारेच धावले. कोणी लाकडी ओंडके चाकाखाली घातले, कोणी साखळी लावून दुसऱ्या गाडीने आमची गाडी ओढली, एका म्हाताऱ्याने अंगातला लोकरी फिरण, म्हणजे तिकडचा पायघोळ झगा, काढून भाऊला गुंडाळलं. मोबाइलवाल्यानेच त्याला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्या लोकांबद्दल माझ्या मनात काही नाही. ते हसले, पण ते लगेच धावलेही. तिथल्या डॉक्टरांनी पाय वाचवला. गुडघा वाचला नाही.

तिसऱ्या दिवशी काजीगुंडच्या टायरवाल्याकडे गाडी होती. त्याने आमच्या टायरवर नख दाबलं. नख उमटलं नाही. शेजारी दुसऱ्या गाडीच्या टायरवर दाबलं, तिथे खड्डा पडला. मग त्याने खाचांच्या कडा दाखवल्या. "भाई, ये बर्फ का टायर नहीं है," तो म्हणाला. "पुराना टायर है, गर्म चाकू से काटा है. ये तो ठंड में पत्थर हो जाता है. किसने दिया?"

माझ्याच चुलतभावाने, असं मला सांगता आलं नाही.

तिथून माझा धंदा एकच झाला. सावद्यात ज्याला-त्याला धरून मी त्या टायरची गोष्ट सांगू लागलो. देवपूरचं नाव कोणी काढलं की मी उठून उभा राहायचो. एकदा तर धुळ्याला जाऊन त्याच्या दुकानासमोर उभा राहिलो आणि टायर बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणालो, आधी नख दाबून बघ. गिऱ्हाईक निघून गेलं. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

शेठही गप्प बसणारा नव्हता. तो काजीगुंडचा व्हिडिओ कसा कोण जाणे त्याच्यापर्यंत पोहोचला होता. त्याने तो स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, "टायरने काय करावं? यांनी बर्फात सत्यनारायण मांडला." धुळ्या-जळगावात तो व्हिडिओ फिरला. लोक सावद्याच्या स्टँडवर मला थांबवून विचारायचे, पूजेला नारळ होता का? व्हिडिओ तिथेच संपायचा जिथे भाऊ गुडघ्यावर बसलेला आहे. पुढचं कोणी घेतलं नव्हतं.

व्हिडिओ भाऊनेही पाहिला. पूर्ण पाहिला, परत एकदा पाहिला, आणि मोबाइल परत दिला. शेठला त्याने एक शब्द वाईट म्हटला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मला त्याचा राग यायचा. वाटायचं, पाय तुझा गेला आणि रक्त माझं आटतंय. आता तो माल भरायच्या शेडमध्ये खुर्चीवर बसून खोक्यांच्या तळाला फोमचे तुकडे लावतो. समोरून गाडी मागे घेताना कोणी चुकला की तो मान खाली घालतो. क्लचवर पाय ठेवता येत नाही ही गोष्ट तो कोणापुढे काढत नाही, पण मी पाहिलंय, बसल्या बसल्या त्याचा डावा पाय जमिनीला दाबला जातो. मी ते पाहायचो आणि देवपूरच्या दिशेने शिव्या द्यायचो.

मग कानबाईची पाळी आमच्या घराकडे आली.

बाहेरच्यांना हे सांगावं लागेल. आमच्याकडे श्रावणात कानबाई ही खानदेशातली देवी बसते आणि तिच्या नैवेद्याला गव्हाचा जाड रोट होतो. तो रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला त्यातला घासही द्यायचा नाही. आमच्या कुळात त्यासाठीचे गहू सगळ्यांनी मिळून मोजायचे असतात. ज्याच्या घरी पाळी, त्याने टोपलीतून मूठ भरायची आणि परातीत टाकायची. कुळातला सगळ्यात वडीलधारा माणूस एकेक घर पुकारतो आणि त्या घरात जेवढी माणसं तेवढ्या मुठी पडतात. पोटातलं लेकरूसुद्धा मोजतात. ज्याची मूठ पडली तो आपला. ज्या घराची मूठ पडली नाही त्याच्याशी आपलं सुतक नाही की सोयर नाही. माझ्या आयुष्यात असं एकदाही झालेलं मी पाहिलेलं नाही. लोक कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे असतात, पण मूठ पडते.

पाळी आमची आणि मूठ माझ्या हातात. अपघातानंतरचा तो तिसरा श्रावण होता. मी महिनाभर आधीपासून खुशीत होतो. घराला रंग दिला. बायको म्हणाली, देवाचं एवढं कधी केलं नाही तुम्ही. मी म्हणालो, यंदा करायचंय.

त्या सकाळी आमच्या पत्र्याच्या पडवीत चौदा घरं जमली. सतरंजीवर सगळे दाटीवाटीने बसले. भाऊला खाली बसता येत नाही, म्हणून तो एकटाच प्लास्टिकच्या खुर्चीवर, सगळ्यांच्या वर, पाय पुढे ताठ ठेवून. त्याला त्याचा संकोच होत होता. शेठ आला तो नव्या गाडीतून. सोबत बायको, मुलगा आणि सून. सुनेला सातवा महिना. त्यांच्या घरातलं पहिलं नातवंड. आल्या आल्या त्याने आबांचे पाय धरले. आबा म्हणजे आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, ऐंशीच्या पुढचे, त्या पिढीतले सगळ्या कुळात आता तेवढेच राहिलेत. शेठ त्यांना म्हणाला, "आबा, यंदा आमनी एक मूठ जास्तीनी शे." सगळे हसले. सून लाजली. मीही हसलो, आणि टोपली मांडीशी ओढून घेतली.

आबा घरं पुकारू लागले. मी मुठी टाकत होतो. पाचवं घर, सहावं घर. सातवं आलं.

"देवपूर," आबा म्हणाले. "पाच मुठी. पोटनं धरीसन."

मी टोपलीत हात घातला, मूठ भरली आणि ती तशीच मांडीवर ठेवली.

आबांना दिसायला कमी झालंय. त्यांनी परत पुकारलं. मी हललो नाही. एका बाईने लेकराच्या तोंडावर हात ठेवला.

"काय व्हयनं रे?" आबांनी विचारलं.

"आबा, पहिले त्याले सांगू द्या," मी म्हणालो. माझा आवाज मला हवा होता तसाच निघाला, थंड. "टायर कसा व्हतात, भाऊना पाय कसा गया. बठ्ठासमोर, सोताना तोंडवरी. मंग मूठ."

शेठ हसायला गेला. "जुना विषय शे, आबा. देवना कामम्हा..." त्याने इकडे-तिकडे पाहिलं. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. सगळे माझ्या मुठीकडे पाहत होते. त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला. सुनेने पोटावर हात ठेवला आणि ती सासऱ्याकडे पाहू लागली. तिला आधीचं काही माहीत नसावं.

खोटं कशाला बोलू, ते सगळं मला फार गोड वाटलं. अडीच वर्षं मी हे मनात चालवून पाहिलं होतं आणि प्रत्यक्षात ते मनातल्यापेक्षा जास्त चांगलं होत होतं. त्याच्या कपाळावर घाम आला. तो मला बघायचा होता, मी तो बघितला. सुनेसमोर कशाला, असं क्षणभर मनात आलं आणि मी ते झटकून टाकलं. भाऊ बर्फात गुडघ्यावर बसला होता तेव्हा त्याच्यासमोर किती लोक होते?

शेठ उठला. आबांच्या पुढ्यातून वाकून भाऊच्या खुर्चीजवळ गेला आणि खाली बसला.

"टायर जुना व्हतात," तो म्हणाला. "चाकू तपाडीसन खाचा पाड्या व्हत्या. बर्फना नही व्हतात. माले माहीत व्हतं. मी खोटं बोलनू, भाऊ." व्हिडिओचंही त्याने सांगितलं, कोणी न विचारता. बोलता बोलता त्याने भाऊच्या ताठ पायावर डोकं टेकलं आणि तो रडू लागला. पन्नाशीचा माणूस, हातात सोन्याचं कडं, हुंदके देऊन रडत होता.

झालं. मला हवं होतं ते सगळं झालं, एक शब्दही कमी नाही. मी मूठ उघडली. एक, दोन, तीन, चार. पाचवी त्या न जन्मलेल्या लेकराची, तीही भरभरून टाकली. मोठ्या मनाने. आबा म्हणाले, बरं झालं. लोक हलले, कोणी खाकरलं, कोणी पाणी मागितलं.

"आबा, थांबा थोडा," भाऊ म्हणाला.

तो शेठच्या डोक्यावर हात ठेवून होता, पण पाहत माझ्याकडे होता. मला वाटलं, आता तो मला काही चांगलं म्हणेल. अडीच वर्षं मी त्याच्यासाठी हे चालवलं होतं.

"आते तू बी सांग," तो म्हणाला. रागाने नाही. सावद्याच्या शेडमध्ये बसून खोकी भरताना बोलतो त्याच आवाजात. "मी चाकजोडे वाकेल व्हतू. पानं काढी ऱ्हायंतू. साखळी लावू म्हनीसन. मी तुले दोनदाव थांब म्हनं. तुले ऐकू उनं व्हतं का?"

इथपर्यंत मी तुम्हालाही तेच सांगितलं जे सगळ्यांना सांगत आलोय. भाऊ पानं घालत होता, लोक हसत होते, मी ॲक्सिलरेटर दाबला. वहिनीला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, पोलिसाला सांगितलं. कोणी विचारलं तर पुढे जोडायचो की इंजिनाचा आवाज होता, काच बंद होती. भाऊ पानं काढत होता, साखळीसाठी, आणि काच उघडी होती. पहिल्या खेपेपासून उघडी होती, भाऊचं ऐकू यावं म्हणूनच मी ती खाली केली होती. आणि इतकी थंडी होती की त्याच्या तोंडातून शब्दाबरोबर वाफ निघालेलीही मला आरशात दिसली.

थांब, थांब. त्याच्यामागे ती सगळी तोंडं हसत होती आणि मला वाटलं, आता थांबलो तर आणखी हसतील.

शेठने डोकं वर केलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आता तो माझ्याकडे पाहत होता. मला नाही म्हणता आलं असतं. भाऊने ते ऐकून घेतलं असतं, मला माहीत आहे. त्याने परत कधी विचारलं नसतं.

"उनं व्हतं," मी म्हणालो. "ऐकू उनं व्हतं."

भाऊने मान हलवली. वहिनी दारात उभी होती, ती आत निघून गेली. मग आबांनी, दुसरं काय करावं ते न सुचून, पुढचं घर पुकारलं. पुढचं घर आमचं होतं. भाऊचं आणि माझं, एकाच चुलीचं, आठ मुठींचं.

टोपली माझ्या मांडीशी होती. माझा हात तिच्यात जाईना. भाऊने खुर्चीतून हात पुढे केला, पण त्याला खाली वाकता येत नाही. मी टोपली उचलली आणि त्याच्यापुढे धरली, परातही शेठने उचलून धरली. भाऊने एक मूठ स्वतःची टाकली. मग वहिनीची, त्याच्या दोन मुलांची. मग माझ्या बायकोची, माझ्या दोन पोरींची. शेवटी माझी राहिली. ती त्याने भरली आणि परातीवर धरून तो थांबला. त्याच्या बोटांच्या फटीतून दोन-चार दाणे गळाले.

त्याने मूठ उघडली. त्याच्या जागी मी असतो तर उघडली नसती.